पावसाळा वगळून केलेली पाहणी

पर्यावरण मंजुरीसाठी अर्ज करणाऱ्या खाण प्रकल्पाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालय अभ्यासाची एक चौकट आखून देते. सरकारी भाषेत तिला 'टर्म्स ऑफ रेफरन्स' म्हणतात. या चौकटीत एक कलम ठरलेले असते. हवा, पाणी, आवाज, माती आणि त्या जागेवरच्या वनस्पती-प्राण्यांची आधारभूत माहिती एका हंगामात गोळा करावी, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा. उन्हाळा चालतो, पावसाळ्यानंतरचे महिने चालतात, हिवाळाही चालतो. यामागचा हेतू वाईट नाही. पावसात धूळ खाली बसते, हवा धुऊन निघते. त्या दिवसांत मोजणी केली तर खाणीमुळे हवा किती बिघडेल याचा अंदाज फसवा येईल. धुळीपुरते हे बरोबरच आहे. पण धुळीला लावलेला नियम त्याच वाक्यात सजीवांनाही लावला गेला. सह्याद्रीच्या माथ्यावर कित्येक जीवांचे आयुष्य जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात डोळ्यांना दिसते. तिथे या नियमाचा अर्थ असा होतो, की घरात कोण राहते हे पाहायला घरातली सगळी माणसे बाहेरगावी गेलेली असतानाच जायचे, आणि घर रिकामे असल्याचा अहवाल द्यायचा. सड्यांवरची, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारांवरची, जी प्राणिपाहणी पावसाळ्यात झालेली नाही ती पाहणी म्हणून स्वीकारूच नये, असे माझे म्हणणे आहे. या म्हणण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष देणारा प्राणी जेमतेम अंगठ्याएवढा आहे.

तो आहे आंबोलीचा भेक. सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला पोहोचले, की जंगलाच्या मध्येमध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. उन्हाळ्यात ते तापलेले, काळपट आणि निर्जीव दिसतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पहिल्या सरी कोसळल्या की दगडातल्या खळग्यांत पाणी साचते आणि सड्याचा नूर पालटतो. याच खळग्यांत हा भेक अंडी घालतो. ओढा नाही, तळे नाही, काही बोटे खोल पाणी. पाऊस आठवडाभर उघडला तर आटून जाईल असे. त्याच्या कुशीवर पिवळे पट्टे असतात. त्यांवरूनच त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला, 'झँथोफ्रायनी टायगेरिना'. वर्षाविहाराला माणसांचे लोंढे जिथे लोटतात त्या गावातल्या या प्राण्याला विज्ञानात नाव मिळाले ते थेट २००९ साली. एस. डी. बिजू, इनेस फान बॉक्सलेर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन करताना एक नवी प्रजातीच उभी केली. या प्रजातीत आजवर दोनच जाती आहेत. दुसरी सातारा जिल्ह्यातली कोयनेची. तिचे वर्णन सोमण यांनी १९६३ साली, कोयनेचे धरण उभे राहत असतानाच्या काळात केले होते. दोन्ही जाती पश्चिम घाटाच्या उत्तर भागाबाहेर कुठे सापडत नाहीत. आंतरराष्ट्रीय लाल यादीत आंबोलीचा भेक 'अतिसंकटग्रस्त' आणि कोयनेचा 'संकटग्रस्त' ठरवण्यात आला.

हे ऐकून अनेकांना प्रश्न पडेल की भेकासारख्या चिवट प्राण्याला इतकी नाजूक वागणूक कशाला. गटारात, मोरीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला भेक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. या प्रश्नाचे उत्तर भेकांच्या कुळाच्या इतिहासात आहे. खरखरीत कातडीचा तो भेक आणि गुळगुळीत कातडीचा तो बेडूक, इतकाच फरक आपण करतो. प्राणिशास्त्र 'बुफोनिडी' या एकाच कुळातल्या प्राण्यांना खरे भेक मानते. आज त्यांच्या सहाशेहून अधिक जाती माहीत आहेत. यांच्या तोंडात एकही दात नसतो. जवळपास सर्व जातींत नराच्या वृषणाशेजारी 'बिडरचे इंद्रिय' नावाचा एक अवयव असतो, म्हणजे अविकसित बीजकोशच. वृषण काढून टाकले तर तो वाढून अंडी बनवू लागतो. बहुतेकांच्या डोळ्यांमागे फुगीर विषग्रंथी असतात. त्यांतले विष प्राण्याच्या पेशींवरचा सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप बंद पाडते आणि भेक गिळणाऱ्याचे हृदय थांबवू शकते. डिजिटॅलिस हे हृदयविकारावरचे जुने औषध नेमके याच पंपावर काम करते. भेकाच्या स्वतःच्या पंपाची रचना मात्र अशी बदललेली असते की स्वतःचे विष त्याला बाधत नाही.

हे कूळ दक्षिण अमेरिकेत उगम पावले आणि तिथून जवळजवळ सगळे जग त्याने पादाक्रांत केले. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, मादागास्कर आणि अंटार्क्टिका एवढेच मोठे भूभाग त्याच्या नैसर्गिक पसाऱ्याबाहेर राहिले. बेडकासारख्या ओल्या कातडीच्या, खाऱ्या पाण्याला भिणाऱ्या प्राण्याला हे साधले कसे? २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याचा उलगडा केला. विशेष म्हणजे त्याच्या लेखकांत फान बॉक्सलेर आणि बिजू हे आंबोलीच्या भेकाला नाव देणारेच होते. त्यांनी जगभरच्या भेकांचा वंशवृक्ष मांडला आणि त्यावर त्यांची शरीरवैशिष्ट्ये बसवून पाहिली. पूर्वज भेक दमट जागी चिकटून राहणारे होते. पुढे हळूहळू, एकामागून एक, काही गुण जमा होत गेले. शरीर मोठे झाले, विषग्रंथी आल्या, जांघेत चरबीचा साठा आला, सतत ओलाव्याजवळ राहण्याची गरज कमी झाली, अंडी हजारोंनी आणि मिळेल त्या पाण्यात घातली जाऊ लागली, आणि अंड्यातल्या शिदोरीवर विसंबून न राहता बाहेरचे खाऊन वाढणाऱ्या डिंभकांची सोय झाली. हा सगळा संच एका वंशात एकत्र आला तेव्हा ते कूळ खंडामागून खंड ओलांडत गेले. आपल्या अंगणातला भेक याच प्रवासी वंशाचा, तो संच शाबूत ठेवलेला.

पण प्रवासाला निघालेल्या वंशाचे सगळेच वारस प्रवासी राहिले नाहीत. ठिकठिकाणी काही शाखा स्थिरावल्या आणि प्रवासाची ती शिदोरी त्यांनी हळूहळू टाकून दिली. टांझानियातले काही भेक अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. गिनी आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवरच्या निंबा पर्वतातला भेक तर पिल्लांना पोटातच पोसून नऊ महिन्यांनी जन्म देतो. आपल्याच पश्चिम घाटात झाडांवर राहणारा भेक आहे. आंबोलीचा भेक याच स्थिरावलेल्या मंडळींतला. शरीर लहान, अंडी हजारोंनी नव्हे, काही डझन, आणि तीही उघड्या खडकावरच्या पावसाच्या पाण्यातच. हजारो अंड्यांवर उधळता आली असती ती ताकद त्याने मोजक्या अंड्यांत घातली. मोठ्या तळ्यातल्या माशांपासून आणि चतुरांच्या अळ्यांपासून दूर, ज्या डबक्यात दुसरे कोणी येण्याचे धाडस करत नाही तिथे त्याने घर केले. ही माघार म्हणता येणार नाही, हा सौदा होता आणि तो लाखो वर्षे फायद्याचा ठरला. सौद्याची किंमत एवढीच, की खडक आणि पावसाचे पहिले आठवडे यांपैकी एक काढून घेतले तर त्याच्याकडे दुसरा पर्याय उरत नाही. दिव्याखालच्या भेकावरून आंबोलीच्या भेकाची चिवटाई ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. एक ज्या गुणांवर जगतो ते दुसऱ्याने केव्हाच सोडून दिलेले आहेत.

यावर पहिला गंभीर आक्षेप उत्क्रांतीच्याच बाजूने येतो. परिस्थिती बदलली की प्राणीही बदलतात, आणि भेक तर फार झपाट्याने बदलतात, मग काळजी कशाला? याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे, आणि ऊसवाल्या महाराष्ट्राने ते जरा बारकाईने वाचावे असे आहे. क्वीन्सलंडच्या उसाला एका भुंगेऱ्याच्या अळीने ग्रासले होते. आपल्याकडची हुमणी ज्या प्रकारची, ती अळीही त्याच प्रकारची. जमिनीखाली राहून मुळे खाणारी. १९३५ साली तिथल्या ऊस संशोधन केंद्रांच्या संस्थेने हवाईहून शंभरेक दक्षिण अमेरिकी भेक आणले, त्यांची पैदास केली आणि पिल्ले शेतात सोडली. वॉल्टर फ्रॉगॅट या कीटकशास्त्रज्ञाने जाहीर विरोध केला, काही काळ बंदीही आली, पण १९३६ मध्ये ती उठवण्यात आली. हिशेब साधा चुकला होता. अळी जमिनीखाली, प्रौढ भुंगेरा उसाच्या शेंड्यावर, आणि भेक ना उकरू शकत ना चढू शकत. कीड राहिली तिथेच राहिली आणि भेक मात्र खंडभर पसरत सुटले. सुरुवातीला वर्षाला दहाएक किलोमीटर, नंतर पन्नासच्या वर. २००६ साली 'नेचर'मध्ये बेन फिलिप्स, रिक शाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पसाऱ्याच्या आघाडीवरच्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब झाले आहेत. कारण मजेशीर आहे. आघाडीवर पोहोचतात ते सर्वांत वेगवान भेक. तिथे त्यांना जोडीदारही वेगवानच मिळतात. मग त्यांची पिल्ले आणखी वेगवान निपजतात. जगायला त्याचा उपयोग होतो की नाही हा प्रश्नच येत नाही, पुढे असणे एवढेच पुरते. आघाडीवरच्या मोठ्या भेकांत मणक्याचा संधिवात आढळला तो याच शर्यतीचा परिणाम. तिथले काही सापही बदलले. लाल पोटाच्या काळ्या सापांची डोकी शरीराच्या मानाने लहान झाली, कारण मोठ्या तोंडाचा साप मोठा, म्हणजे अधिक विषारी भेक गिळून मरत होता.

तेव्हा उत्क्रांती शंभर वर्षांच्या आतही घडते, हे कबूल. पण ती कोणासाठी घडली ते पाहावे. उसाच्या भेकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यांतले बहुतेक जीव मेले तरी निवडीला पुरेल इतका कच्चा माल उरतो. समोर एक अख्खे मोकळे खंड होते आणि त्या भेकाला गिळून पचवू शकणारा एकही जुना शत्रू तिथे नव्हता. जलद उत्क्रांतीला लागते ती भरमसाट संख्या, भरपूर विविधता आणि पिढ्या वाया घालवण्याची ऐपत. मूठभर सड्यांवर, मोजक्या अंड्यांनिशी जगणाऱ्या प्राण्याजवळ यांतले काहीच नाही. त्याचा सडा एका उन्हाळ्यात यंत्राने खरवडला तर पुढच्या जूनमध्ये त्याने कोणता गुण निवडायचा? उसाच्या भेकाचे उदाहरण आंबोलीच्या भेकाला लावणे म्हणजे धनिकाने दिवाळखोरी पचवली म्हणून हातावर पोट असलेल्यालाही ती पचेल असे मानणे होय. शिवाय जे प्राणी बदलू शकले नाहीत त्यांची यादी ऑस्ट्रेलियातही मोठी आहे. क्वोल नावाचे मांसाहारी शिशुधान प्राणी उत्तरेच्या मोठ्या भागातून जवळपास नाहीसे झाले. उरलेल्यांना भेकाची शिसारी यावी म्हणून त्याच्या मांसात मळमळ आणणारे औषध घालून खायला देण्याचे प्रयोग करावे लागले.

जागेचे महत्त्व किती, हे आपल्याच अंगणातल्या भेकाने मादागास्करला जाऊन दाखवले. या जातीचे आग्नेय आशियातले काही भेक बहुधा मालवाहू पेट्यांतून तोआमासिना बंदरात उतरले. २०१४ साली ते तिथे असल्याचे जाहीर झाले. आशियातल्या कित्येक सापांनी आणि घोरपडींनी भेकांच्या सहवासात राहून आपला तो पेशीतला पंप बदलून घेतला आहे, आणि हा बदल वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे झालेला दिसतो. मादागास्करमध्ये भेक कधी नव्हतेच. २०१८ साली संशोधकांनी तिथल्या सत्तरहून अधिक जातींच्या प्राण्यांचे जनुक तपासले तेव्हा विष पचवण्याची लक्षणे फक्त एका कृंतकात दिसली. पुण्यातल्या गटारात ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही तो प्राणी तिथे संकट ठरतो. प्राणी तोच, विष तेच. फरक आहे तो फक्त शेजाऱ्यांच्या इतिहासाचा. म्हणून एखाद्या जमिनीवर काय आहे हे ठरवताना प्राण्यांची नुसती यादी पुरत नाही. तो प्राणी तिथे किती काळ आहे, कोणत्या महिन्यांत आहे आणि कशाच्या आधाराने आहे, हे त्या यादीत यायला हवे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. इतकी काळजी असेल तर थोडे भेक उचलून प्राणिसंग्रहालयात वाढवा, आणि जमीन मोकळी करा. हे करून पाहिले गेले आहे. टांझानियातल्या किहान्सी नदीच्या घळीत धबधब्याच्या तुषारांवर जगणारा, तीन सेंटिमीटरपेक्षाही लहान असा एक पिवळसर भेक १९९६ साली सापडला. म्हणजे जागतिक बँकेच्या कर्जावर त्याच नदीवर जलविद्युत प्रकल्पाचे काम पुढे सरकल्यानंतर. २००० साली प्रकल्प सुरू झाला आणि धबधब्याचे सुमारे नव्वद टक्के पाणी वळवले गेले. त्या वर्षी ४९९ भेक विमानाने अमेरिकेतल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. घळीत कृत्रिम तुषारांची यंत्रणा बसवली, तरी २००३ मध्ये तिथले भेक एकाएकी कोसळले. त्यांच्यात बुरशीचा रोगही आढळला. २००९ साली ही जात 'निसर्गातून नष्ट' म्हणून घोषित झाली. २०१२ पासून संग्रहालयांत वाढवलेले भेक पुन्हा घळीत सोडले जाऊ लागले. एका भेकासाठी इतकी धडपड झाली याचे कौतुक आहेच. पण निसर्ग जे फुकट देत होता ते आता नळाने आणि माणसांच्या देखरेखीखाली द्यावे लागते, आणि तो नळ बंद करण्याची सोय उरलेली नाही. प्रकल्पापूर्वीची पाहणी नीट झाली असती तर पाणी किती सोडायचे हा प्रश्न आराखड्यातच सुटला असता. वीज आणि भेक यांत एकाचीच निवड करायची होती असे त्या प्रकरणाचे वर्णन होते ते मला पटत नाही. निवड करण्यासाठी आधी माहिती असावी लागते, आणि ती उशिरा आली.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे. जाती येतात-जातात, नष्ट होणे हाही निसर्गाचाच भाग. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचा सोनेरी भेक या वादात नेहमी पुढे केला जातो, कारण तो गेला तेव्हा तिथे ना खाण होती ना धरण. मोंतेवेर्देच्या राखीव मेघारण्यात १९८७ साली पंधराशेहून अधिक भेक दिसले. १९८८ मध्ये दहा, १९८९ मध्ये एक. त्यानंतर एकही नाही. कारणांबद्दल, म्हणजे बुरशी आणि हवामान यांत कोणाचा वाटा किती याबद्दल, अजून मतभेद आहेत. मला त्यातले वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. हा भेक वर्षातले बहुतेक दिवस जमिनीखाली असे. पावसाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच नर झळाळत्या नारिंगी रंगात डबक्यांकाठी जमत. तो संपला हे जगाला कळले, कारण मार्था क्रम्प यांच्यासारखे संशोधक नेमक्या त्याच आठवड्यांत तिथे बसून मोजत होते. वर्षाच्या इतर महिन्यांत पाहणी झाली असती तर १९८७ आणि १९९० या दोन्ही वर्षांचा अहवाल सारखाच आला असता: भेक आढळला नाही. नष्ट होणे नैसर्गिक आहे की नाही यावर वाद घालता येतो, पण त्यासाठी काहीतरी नष्ट झाल्याचे आधी कळायला हवे. जगातल्या उभयचरांचा २०२३ साली जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात ४०.७ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी वाईट स्थिती दुसऱ्या कोणत्याही वर्गाची नाही. आपल्या सड्यांवरचे आकडे त्यात किती खरे उतरले असतील हे पाहणी कोणत्या महिन्यात झाली त्यावर ठरते.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र माणसांचा आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत पडला होता. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनी सरकारच्या नावे लागल्याचे दुःख तिथल्या माणसांना नीट ठाऊक आहे. त्यांना बाहेरच्या कोणी येऊन भेकासाठी जमिनी बंद करण्याचा उपदेश करणे शोभणार नाही, आणि इथे तसे सुचवलेलेही नाही. सडा आणि शेत यांत फरक आहे. सड्यावर मातीच नसते. तिथे पीक येत नाही, म्हणून महसुलाच्या भाषेत तो पोटखराबा ठरतो, आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात 'ओसाड खडकाळ' असा वेगळा वर्गच आहे. पण कागदावरचे ओसाडपण जमिनीला महाग पडते. पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही देता येते, आणि देताना कोणाचे काही गेले असे वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, कारण जांभ्याच्या थरातच बॉक्साइट असते. सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. अपर्णा वाटवे यांनी उत्तर पश्चिम घाट आणि कोकणातल्या सड्यांच्या नोंदी करून हे ओसाड खडक किती भरलेले असतात ते दाखवून दिले आहे. सड्यांचे महत्त्व सरकारला अगदीच माहीत नाही असेही नाही. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यांत कासचे पठार आहे. पण कासला मान मिळाला तो फुलांमुळे, आणि फुले फोटोत येतात. भेकाची ही अडचण आहे. त्याला पाहायला पावसात, रात्री, बॅटरी घेऊन जावे लागते.

इथे माझ्या म्हणण्याची एक मर्यादाही मांडली पाहिजे. चौकटीतले ते कलम उद्या बदलले तरी आंबोलीचा भेक आपोआप वाचणार नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंत्रालयाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच लागत नाही, म्हणजे सड्याच्या कडेला उभे राहणारे रिसॉर्ट या चाळणीत येतच नाही. पहिल्या पावसाच्या शनिवार-रविवारी घाटात उसळणारी वाहनेही येत नाहीत. पर्यटकांचा हंगाम आणि भेकांच्या विणीचा हंगाम एकच असल्याने रस्ता ओलांडणारे भेक चाकाखाली जातात. तरीही मी त्या कलमावर अडून बसतो, कारण ते बदलायला कोणाची जमीन घ्यावी लागत नाही, पैसा जवळपास लागत नाही, आणि बदलले नाही तर पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी खोटी माहिती राहते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर काम करणे अवघड आहे ही सबब टिकत नाही. बेडकांवर काम करणारे विद्यार्थी दर वर्षी तेच करतात. त्यांच्याजवळ बॅटरी, छत्री, आवाज टिपण्याचे छोटे यंत्र आणि चिखलाची सवय याहून फारसे काही नसते.

प्रत्यक्षात करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. हवेची मोजणी आणि जीवांची मोजणी या दोन बाबी त्या कलमात वेगळ्या कराव्यात. हवेसाठी कोरडा हंगाम ठेवावा, आणि सह्याद्री-कोकणातल्या सड्यांवर वनस्पती-प्राण्यांसाठी जून ते सप्टेंबर सक्तीचा करावा, त्यातही पहिल्या पावसानंतरच्या रात्री. प्रकल्पाला उशीर होईल ही तक्रार येईल. खाणीचे भाडेपट्टे दशकांच्या हिशेबात चालतात, त्यात एक पावसाळा थांबणे काही जड नाही. महसुली दप्तरात सड्यांसाठी पोटखराब्याहून निराळी नोंद हवी. ती जमीन कोणाच्या मालकीची याच्याशी या नोंदीचा संबंध नसावा, फक्त वापर बदलताना पावसाळी पाहणी मागितली जावी. आंबोलीतच याला अनुकूल पायंडा आहे. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशासाठी २०२१ साली तो परिसर राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला, आणि त्यामुळे देवळाला येणाऱ्यांचे काही अडले नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. अनेक गावांत ही नोंदवही ठेकेदाराने भरून दिलेली असते आणि एका गावची दुसऱ्या गावाला जुळते. सड्याखालच्या गावांनी ती पुन्हा उघडून निदान एक रकाना नव्याने भरावा. कोणता जीव कोणत्या महिन्यात, कोणत्या सड्यावर दिसला, आणि पाहणारा त्या रात्री पावसात तिथे होता की नाही, एवढेच त्यात लिहायचे आहे.